मुंबईची मॅरेथॉन आणि आमचा एक जुना सल्ला

सूर्य मकर राशीत केव्हा प्रवेश करितो हे पंचांग सांगते, आणि मुंबईची मॅरेथॉन शर्यत कोणत्या रविवारी भरवावी हे तिचे चालक ठरवितात. एरवी या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु २०२३ सालच्या जानेवारीत दोहोंच्या वाट्यास एकच दिवस आला. तारीख १५, वार रविवार. त्याच दिवशी संक्रांत, आणि महामारीमुळे दोन वर्षे न भरलेली ती शर्यतही त्याच पहाटे. या योगामुळे मुलुंड येथील आमच्या घरात जो पेच पडला, तो आमच्या वाचकांच्या घरांतही आज ना उद्या पडेल अशी आमची समजूत आहे. म्हणून घरातील गोष्ट चारचौघांत सांगण्याचा संकोच बाजूस ठेवून ती येथे निवेदन करितो.

आमचे कुटुंब एकत्र आहे. आम्ही उभयता, दोन पुत्र, दोन सुना व तीन नातवंडे अशी नऊ पाने रोज मांडली जातात. धाकटी सून बँकेत नोकरी करिते. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी तिला नित्य चालावयास सांगितले. त्या चालण्याचे पुढे धावणे झाले. महामारीच्या दिवसांत ती इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या घालीत असे, आणि निर्बंध उठल्यावर पहाटे रस्त्यावर उतरू लागली. आम्ही या गोष्टीकडे एक निरुपद्रवी छंद म्हणून पाहत होतो. डिसेंबरात एके रात्री जेवणे आटोपत आली असता ती म्हणाली, "अप्पा, या वेळी मी पूर्ण मॅरेथॉनला नाव घातले आहे. पंधरा तारखेला आहे."

आमच्या सौभाग्यवती ताक वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, "पंधराला संक्रांत आहे."

त्यापुढे कोणी काही बोलले नाही. वाचकांनी सौभाग्यवतींस जुन्या वळणाची हट्टी सासू मात्र समजू नये. दोन वर्षे घरी हळदीकुंकू झालेले नव्हते, व या वर्षी ते थाटाने करावयाचे त्यांनी दिवाळीपासून योजिले होते. आदल्या दिवशी भोगी, दुसऱ्या दिवशी गुळाच्या पोळ्या, सायंकाळी पन्नास बायका. हा सारा डोलारा दोन सुनांच्या हातांवर उभा राहतो. बेचाळीस किलोमीटर धावून आलेल्या बाईने पोळपाटापुढे बसावे असे म्हणणे निर्दयपणाचे, आणि सर्व भार थोरलीवर टाकणे अन्यायाचे, हे त्यांस पुरते कळत होते. अडचण खरी होती. घरच्या रीतीप्रमाणे ती आमच्यापुढे आली. "तुम्ही काय ते सांगा," एवढेच त्या म्हणाल्या.

आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली. कारण असे की हाच प्रश्न आम्हांस पूर्वी एकदा विचारण्यात आला होता, आणि त्या वेळी उत्तर देण्यास आम्ही चार मिनिटेही घेतली नव्हती.

त्या गोष्टीस पस्तीस वर्षे होत आली. उपनगरातील एका शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत होतो. नववीच्या वर्गात एक मुलगी होती. अभ्यासात मध्यम, बोलण्यात अबोल. परंतु क्रीडादिनी मैदानावर उतरली की तिच्यापुढे कोणी टिकत नसे. तिला पहाटे सरावास पाठवा, असे व्यायामशिक्षक तिच्या घरी सांगून आले होते. वडील रेल्वेत कारकून. ते एके सायंकाळी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसे करू." आम्ही सांगितले, की पुढचे वर्ष शालान्त परीक्षेचे आहे, मुलीच्या जातीने अंधारात मैदानावर जाणे बरे दिसत नाही, आणि धावून कोणाचे पोट भरले आहे? त्यांनी मान डोलाविली, चहा घेतला व ते गेले. मुलगी परीक्षेत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली, याचा आम्हांस अभिमानही वाटला. मात्र पुढच्या क्रीडादिनी ती पारितोषिकांचे तबक हाती धरून उभी होती. ते दृश्य तेव्हा आम्हांस टोचले नाही. ते फार उशिरा टोचू लागले.

असो. मुदत मिळाल्यावर आम्ही, जन्माच्या सवयीप्रमाणे, या शर्यतीचा इतिहास वाचावयास बसलो. तो थोडक्यात वाचकांपुढे ठेवितो.

मॅरेथॉन हे ग्रीस देशातील एका रणभूमीचे नाव. १८९६ साली अथेन्स येथे ऑलिंपिक सामने पुनरुज्जीवित झाले, तेव्हा तेथपासून अथेन्सपर्यंतची शर्यत प्रथम धावण्यात आली, व ती स्पिरिडॉन लुई नावाच्या पाणी वाहणाऱ्या एका ग्रीकाने जिंकली. आज रूढ असलेले ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर १९०८ च्या लंडन सामन्यांत प्रथम धावले गेले. या इतिहासात आपल्या मुलखाचे पाऊल फार लवकर पडले आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील सामन्यांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना पाहिली, आणि त्यांचा वेग पाहून हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना उचलून धरली. त्या प्रयत्नामुळे १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे जे थोडे खेळाडू गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीचा पल्ला नेहमीहून लांब, पाऊण किलोमीटर वजा जाता त्रेचाळीस नव्हे, तर चांगला ४२ किलोमीटर ७५० मीटर होता. चौगुले तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा करून एकोणिसावे आले. ज्या काळी आपल्याकडे परदेशगमनाचे प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे याची चर्चा पुरती थांबलेली नव्हती, त्या काळची ही गोष्ट आहे.

स्त्रियांची कथा याहून निराळी आहे, आणि ती वाचताना आम्हांस वारंवार आमचेच शब्द ऐकू येऊ लागले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ८०० मीटर धावू देण्यात आले. शर्यतीअंती काही जणी थकून बसल्या याचा एवढा गवगवा झाला, की ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हा ठेवण्यात आली नाही. थकून बसलेल्या पुरुषांकरिता असा ठराव कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. १९६७ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाची तरुणी आद्याक्षरांनी नाव नोंदवून धावू लागली, तेव्हा एक अधिकारी तिला वाटेत धरून बाहेर ओढावयास धावला. तरी तिने शर्यत पुरी केली. स्त्रियांस ऑलिंपिक मॅरेथॉन मिळाली ती १९८४ साली. आम्ही त्या कारकुनास उत्तर दिले त्याच्या थोडीच वर्षे आधी.

उत्तरेकडील बर्फाळ देश या बाबतीत उदार असतील असे आम्हांस वाटले होते. स्वीडन देशात पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून जाण्याची, ज्यास स्की म्हणतात त्या प्रकाराची, एक वार्षिक शर्यत आहे. तिचे नाव वासालोपेट. सोळाव्या शतकात गुस्ताव वासा हा डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठाव करण्यास लोकांस विनवीत होता. मोरा गावच्या लोकांनी प्रथम त्यास नकार दिला, व मागाहून पश्चात्ताप होऊन त्यास परत आणण्याकरिता स्कीवरून माणसे पाठविली. पुढे तोच राजा झाला. त्या प्रसंगाचे स्मरण म्हणून १९२२ पासून सेलेन ते मोरा असा ९० किलोमीटरांचा पल्ला लोक दरवर्षी तोडतात. पहिला विजेता एर्न्स्ट आल्म अवघा बावीस वर्षांचा होता, आणि निल्स कार्लसन या मोराच्याच वीराने ती नऊ वेळा जिंकली. १९२३ साली मार्गिट नॉर्डिन नावाच्या स्त्रीने तो सगळा पल्ला पुरा करून दाखविला. याचे फळ काय मिळाले? १९२४ पासून स्त्रियांस बंदी. ती उठावयास १९८१ साल उजाडले. ज्या गावाने आपला नकार मागे घेऊन राजा मिळविला, त्याच वाटेवर दुसरा नकार मागे घेण्यास सत्तावन्न वर्षे लागली. आम्हांस पस्तीस लागली, इतकेच.

आता आपल्या शर्यतीकडे वळू. सांप्रतची मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाली. पहिला विजेता दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला. त्याच वर्षी पुढे न्यूयॉर्कची शर्यतही त्याने जिंकली. त्यानंतर विजेतेपद प्रायः केनिया आणि इथिओपिया या देशांतच फिरत राहिले आहे. केनियाचा जॉन केलाई येथे जिंकून गेला, व २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदकाचा धनी झाला. टांझानियाचा अल्फॉन्स सिम्बू येथे २०१७ साली पहिला आला. २०२५ साली टोकियोत तो जगज्जेता ठरला, तेही सेकंदाच्या शतांशांनी मोजलेल्या अंतराने. इथिओपियाची अमाने बेरिसो येथे २०२० साली जिंकली आणि २०२३ साली बुडापेस्ट येथे जगज्जेती झाली. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर जे पाय आपण फुकट पाहतो, ते पुढे जगात पहिले येणारे असू शकतात.

२०२० सालचा पुरुष विजेता डेरारा हुरिसा याची हकीकत मुलांस सांगण्याजोगी आहे. हा त्याचा पहिलाच मॅरेथॉन. प्रवासात त्याचे बूट हरवले, आणि सोबतच्या एका धावकाचे उसने बूट घालून त्याने २ तास ८ मिनिटे ९ सेकंदांत, तोवरच्या सर्वांहून कमी वेळात, ही शर्यत जिंकली. पुढील वर्षी व्हिएन्ना येथे तोच प्रथम आला, परंतु बुटांचे तळ नियमाहून जाड आढळल्याने ते विजेतेपद काढून घेण्यात आले. उसन्या बुटांनी दिले ते जाड बुटांनी नेले. आणि ज्या टाटांनी शंभर वर्षांपूर्वी अनवाणी पाय पाहिले होते, त्यांच्याच घराण्याचे नाव २०१८ पासून या शर्यतीस लागले आहे, हाही एक योगच.

भारतीय स्पर्धकांची गणना या शर्यतीत निराळीही केली जाते. त्या गणनेत २०१२, २०१३ व २०१४ अशी तीन वर्षे ओळीने स्त्रियांत पहिली आलेली ललिता बाबर ही साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची. माण म्हणजे दुष्काळाचे माहेर. तेथील एका शेतकऱ्याच्या मुलीने मुंबईचे डांबरी रस्ते तीनदा जिंकले. मग अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीकडे वळून तिने २०१५ साली आशियाई अजिंक्यपद मिळविले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत दाखल झाली. तेथे ती दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली, त्यानंतर धावपट्टीवरील शर्यतीत एवढी मजल बत्तीस वर्षांत कोणी मारिली नव्हती. २०१७ साली भारतीय स्त्रियांत पहिली आलेली ज्योती गवते परभणीची. या मुलींच्या वडिलांनीही कधीतरी कोणा शहाण्यास सल्ला विचारला असेल. तो शहाणा आमच्याहून शहाणा असावा.

चौथ्या रात्री आम्ही नातवास 'कुमारसंभव' समजावून देत होतो. पाचव्या सर्गात, शरीर हेच धर्माचे पहिले साधन होय, अशा अर्थाचे एक प्रसिद्ध वचन आहे. ते आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिले, व्यायामशाळेच्या उद्घाटनांत उच्चारिले, मुलांच्या वह्यांत सुभाषित म्हणून घातले. नातवाने सहज विचारले, "आजोबा, हे कोण कोणाला म्हणतो?" आम्ही सांगावयास तोंड उघडले आणि थांबलो. बटूच्या वेषात आलेले शंकर ते म्हणतात, आणि म्हणतात ते पार्वतीस. आपल्या मनाने एक ध्येय निवडून, आईचे न ऐकता, वनात कठोर तप करणाऱ्या मुलीस तिच्या प्रकृतीची विचारपूस करताना ते वचन उच्चारिले आहे. व्याकरण, अन्वय, समास, अलंकार हे सर्व आम्ही तीस वर्षे शिकविले. ते वाक्य एका स्त्रीस उद्देशून आहे, एवढी गोष्ट मात्र त्या कारकुनापुढे बसलो असता आम्हांस आठवली नाही.

त्या रात्री आम्ही सौभाग्यवतींस ती जुनी हकीकत प्रथमच सांगितली, आणि म्हटले, की असा निर्णय देण्याचा अधिकार आम्ही एकदा वापरून पाहिला आहे. पुन्हा वापरण्याचे धैर्य नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हळदीकुंकू काय, रथसप्तमीपर्यंत केव्हाही होते. या वर्षी ती अठ्ठावीसला आहे. पण पोळ्या संक्रांतीलाच व्हायला हव्यात. त्या कोण लाटणार, ते सांगा." प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुत्रांस बोलावून तो त्यांच्यापुढे ठेविला. थोरल्याने तीळ भाजण्याचे व गूळ किसण्याचे, आणि धाकट्याने पोळ्या लाटण्याचे पत्करिले. थोरल्या सुनेने तव्यावर देखरेख ठेवावी, आणि लाटण्यास हात लावू नये, असे ठरले.

शर्यतीचा मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघतो, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी असा सागरी सेतूवरून वांद्र्यास जातो, आणि माहीम-दादरवरून परत फिरतो. म्हणजे उपनगराच्या वेशीस केवळ पाय लावून तो माघारी वळतो. परंतु धावणारे पाय उपनगरातून किती येतात, हे त्या रात्री मुलुंड स्थानकावर दिसले. पहाटेच्या आधीच्या प्रहरी, धावकांकरिता सोडलेल्या गाडीची वाट पाहत, छातीवर क्रमांक टाचलेली माणसे उभी होती. त्यांत आमच्या सुनेसारख्या कितीतरी गृहिणी होत्या. प्रत्येकीच्या घरी त्या दिवशी पोळ्यांचा प्रश्न कसा सुटला असेल, हाच विचार आमच्या मनात आला.

सकाळी आम्ही नातवासह पेडर रोडच्या चढावर जाऊन उभे राहिलो. सोबत सोललेली संत्री व डबाभर तिळगूळ. परतीच्या वाटेवर, पाय गळाल्यावर हा चढ येतो. म्हणून माणसाची खरी परीक्षा तेथे होते असे सुनेने सांगितले होते. हौशी मंडळी अंधारातच निघतात आणि कसलेले धावपटू उजाडल्यावर. त्यामुळे दोघांची गाठ याच सुमारास पडते. प्रथम मोटारी आल्या, आणि त्यांच्या मागून इथिओपियाचा हायले लेमी गेला. त्याने त्या दिवशी २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांचा नवा उच्चांक केला. किलोमीटरास अवघी तीन मिनिटे. 'आला' म्हणेपर्यंत तो गेला. स्त्रियांत त्याच देशाच्या अन्चालेम हायमानोत हिने २ तास २४ मिनिटे १५ सेकंदांत दहा वर्षांचा उच्चांक मोडला. स्त्री व पुरुष विजेत्यांस या शर्यतीत पारितोषिक समान मिळते, हेही येथे नमूद करितो.

त्यानंतर काही वेळाने आमची सून आली. ती धावत होती असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ती चालत होती, परंतु थांबलेली नव्हती. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ सुकले होते. तिने एक तिळगूळ तोंडात टाकला आणि विचारले, "अप्पा, पोळ्या झाल्या?" आम्ही म्हटले, "दोन करपल्या, असा फोन आला आहे." ती हसली, आणि चढावर पुन्हा धावू लागली.

त्या नववीतील मुलीचे पुढे काय झाले ते आम्ही कधी विचारिले नाही. विचारावयास हवे होते. ती आज पन्नाशीत असेल. तिची सून किंवा मुलगी कदाचित त्या पहाटे कोणत्या तरी स्थानकावर उभीही असेल. एकदा दिलेला सल्ला परत घेता येत नाही. पुढच्या वेळी तो निराळा देता येतो, एवढीच सवलत वयाने ठेविली आहे.

आमच्या वाचकांस एकच विनंती. आपल्या घरात सून, लेक वा नात पहाटेचे दोन तास मागू लागली, तर 'जा' एवढे म्हणून मोकळे होऊ नये. ते दोन तास घरातून कोणाच्या वाट्याचे काढावयाचे, याचा हिशेब त्याच बैठकीत करावा, आणि त्यात पुरुषांची नावे घालावी. परवानगी देणे सोपे असते; तिची किंमत बहुधा दुसऱ्याच बाईच्या माथी बसते. आमच्या घरी त्या संक्रांतीपासून रविवारचा पहिला चहा आम्ही करितो. तो अद्याप कधी गोड होतो, कधी उतू जातो. सौभाग्यवती तो घेतात आणि काही बोलत नाहीत.